मृगाआधी ओढ्याच्या तळातली पायरी शोधा

रोहिणी निघाली. शेताला लागून ओढा किंवा घळ असेल तर बाकी कामं बाजूला ठेवा, खालच्या अंगाने पात्रात उतरा आणि तळातून वर चालत या. जिथे तळ एकदम गुडघाभर तुटलेला दिसेल, तिथे थांबा. ही पायरी दर पुरात वर सरकते आणि तुमच्या शेतापाशी पोचली की दोन्ही काठ घेऊन जाते.

दरवर्षी तेच पाहतो. काठ ढासळला की लोक काठालाच दगडी भिंत घालतात. पुढच्या पावसात भिंतीखालचा तळ खचतो आणि भिंत ओढ्यात.

अमेरिकेत टेनेसीच्या पश्चिम भागात ओढे सरळ आणि खोल केले गेले. त्यांचं पुढे काय झालं ते सायमन आणि हप या संशोधकांनी 1980 च्या दशकात सहा टप्प्यांत मांडलं. आधी तळ खोल जातो, मग उंच झालेले काठ कोसळून पात्र रुंदावतं, शेवटी गाळ साचून ते स्थिरावतं. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डच्या सरकारी गाळ-प्रयोगशाळेने 'कॉन्सेप्ट्स' नावाचं संगणक मॉडेल केलं. त्यात काठाची उंची, मातीची पकड, मातीतलं पाणी घातलं की काठ कधी पडेल याचं गणित निघतं. आपल्या कामाचं एवढंच: काठ बऱ्याचदा पूर ओसरताना पडतो. माती भिजून जड झालेली असते आणि बाहेरून टेकू देणारं पाणी उतरलेलं असतं. पाऊस उघडला म्हणून लगेच ट्रॅक्टर काठाला नेऊ नका.

आपल्याकडे खोलीकरणाचं जेसीबी जिथे थांबलं, तिथे ही पायरी हमखास सापडते.

गुडघाभर पायरी असेल तर तिचं तोंड फोडून उतार करा, खाली मुरूम, वर मोठे दगड. तिच्या खालच्या अंगाला दोन-तीन अनगड दगडी बांध घाला, उंची मीटरच्या आत. मध्यभाग वीतभर खोलगट, टोकं काठात अर्धा मीटर घुसवलेली. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायाच्या पातळीत यावा. काठावर वाळा, 10 ते 15 सेंमीवर एक फुटवा, सोबत निरगुडी. पायरी कंबरेच्या वर गेली असेल तर स्वतः हात घालू नका, सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) बोलवा.

दुकानदार माती बांधणारं द्रावण आणि जाळीदार चटई दाखवतील. तळ खचत असताना तो पैसा पाण्यात.

माझा अंदाज, शास्त्र नव्हे: काळ्या रानात काठापासून हातभर आत, काठाला समांतर भेग दिसली की तो तुकडा हस्तापर्यंत टिकत नाही. तिथे पेरू नका.

सोयाबीनची नेहमीची कामं:
- उगवण तपासणी, किमान 70 टक्के
- बीजप्रक्रिया: बुरशीनाशक कार्बोक्सिन 37.5 टक्के + थायरम 37.5 टक्के, 3 ग्रॅम प्रति किलो बियाणे
- 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावरच पेरणी
- खोली 3 ते 4 सेंमी

पहिला जोराचा पाऊस झाला आणि पाणी उतरलं की पुन्हा तळात उतरा. बांधाच्या टोकाशी पाण्याने वाट काढली असेल तर त्याच दिवशी दगड भरा.