पेरूजातला पहिला आठवडा: इटालियन आधी खिडकीवर, मग वर्गात

इटालियन शिकायला इटलीतल्या पेरूजाला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आग्रहाने सांगते. पहिल्या आठवड्यातली सरकारी कामं स्वतः करा आणि इटालियनमध्येच करा. बरेच जण ही कामं आधी आलेल्या मित्रावर सोपवतात, त्याच्या मागे उभे राहतात आणि सही करून घरी परततात. काम होतं, पण तुमच्या वाट्याचं बोलणं मित्र बोलून टाकतो. नाव काय, जन्म कुठला, राहता कुठे, किती दिवस राहणार, काय शिकणार: खिडकीवर विचारतात तेच प्रश्न वर्गातल्या पहिल्या धड्यात असतात. खिडकीवर उत्तर खरं द्यावं लागतं, म्हणून ते डोक्यात बसतं.

आल्या आल्या रात्री एका कागदावर ही पाच उत्तरं इटालियनमध्ये लिहा आणि मोठ्याने म्हणा. मग आपल्या नावाची अक्षरं सांगायचा सराव करा. इथले लोक अक्षरं शहरांच्या नावांनी सांगतात: आ म्हणजे आंकोना, बी म्हणजे बोलोन्या, एन म्हणजे नापोली. के, जे, डब्ल्यू, वाय ही अक्षरं इटालियनला परकी आहेत आणि आपल्या आडनावांत तीच भरलेली असतात. के ला ‘काप्पा’, जे ला ‘ई लुंगा’, डब्ल्यू ला ‘दोप्या वू’ म्हणतात. जोशी सांगायचं तर: ई लुंगा, ओत्रांतो, सावोना, होटेल, ईमोला. हे जमलं की बँक, फोन, वाचनालय, सगळीकडे निम्मं काम झालं म्हणून समजा.

आता कागदपत्रं. नव्वद दिवसांपेक्षा जास्त शिकणार असाल, तर इटलीत पाऊल ठेवल्यापासून 8 कामकाजाच्या दिवसांत ‘पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो’, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठीच्या अर्जाचं पाकीट पोस्टात फुकट मिळतं. मात्र ज्या शाखेवर ‘स्पोर्तेल्लो आमिको’ लिहिलेलं असतं तिथेच जा. पाकिटावर पिवळी पट्टी असते. ते भरून उघडंच परत न्यायचं, कारण आतले कागद तपासून मगच कर्मचारी ते घेतात. सोबत पासपोर्ट, प्रवेशाचं पत्र, आरोग्य विमा आणि पैशांची सोय दाखवणारे कागद, या सगळ्याच्या प्रती हव्यात. वर्षभरापर्यंतच्या परवान्याला 40 युरो, कार्डाचे 30.46, पोस्टाचे 30 आणि 16 युरोचा ‘मार्का दा बोल्लो’, म्हणजे महसुली तिकीट, असा खर्च येतो. ही रक्कम वेगळी काढून ठेवा. हे तिकीट पोस्टात शोधू नका. मोठा ‘टी’ लिहिलेल्या तबाक्कीच्या, म्हणजे तंबाखूच्या, दुकानात ते मिळतं. तिथेच बसची तिकिटं मिळतात आणि फोनचा रिचार्जही होतो, त्यामुळे घराजवळच्या तबाक्कीवाल्याशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या.

पोस्टातून मिळालेली पावती जपा. खरं कार्ड यायला महिने लागतात आणि तोवर ती पावतीच तुमचा परवाना असते. क्वेस्तुरा, म्हणजे पोलिसांचं मुख्य कार्यालय, तिथे बोटांचे ठसे द्यायची तारीख आणि वेळही पोस्टातच हातात पडते. त्या दिवशी वर्ग बुडला तरी चालेल, ती वेळ चुकवू नका.

घरमालकाकडे एक गोष्ट नक्की मागा. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घरात ठेवलं की 48 तासांत पोलिसांना कळवणं त्याच्यावर बंधनकारक असतं. त्या कागदाची प्रत घ्या. मागताना संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, पण पुढे हा कागद लागतोच.

‘कोदिचे फिस्काले’, हा करक्रमांक, कर कार्यालयात मोफत मिळतो. सोळा अक्षर-अंकांचा हा क्रमांक आडनाव, नाव, जन्मतारीख, लिंग आणि जन्मस्थान यांपासून बनतो. भारतात जन्मलेल्या प्रत्येकाच्या क्रमांकात झेड 222 येतं आणि मुलींच्या जन्मदिवसात 40 मिळवलेले असतात: 7 तारीख असेल तर 47. क्रमांक हातात आल्यावर तिथेच तपासून बघा. आपल्या पासपोर्टात आडनावाची जागा कधी कधी रिकामी असते आणि मग नाव-आडनावाची उलटापालट होते. ती चूक त्याच खिडकीवर दुरुस्त होणं सर्वांत सोपं.

पोस्टात शिरताच यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्या. जिथे यंत्र नाही तिथे ‘की ए लुल्तिमो?’, म्हणजे शेवटी कोण, असं मोठ्याने विचारायचं. कोणीतरी हात वर करतं, त्याच्यानंतर तुम्ही. आणि कुठेही शिरलात, पोस्ट असो की बेकरी, आधी ‘बुओन्जोर्नो’. अभिवादन न करता थेट मागणं इथे उद्धटपणाचं मानतात. अनोळखी मोठ्या माणसांना ‘चाओ’ म्हणू नका. आपण ‘तुम्ही’ म्हणतो त्या जागी इथे ‘लेई’ येतं, आणि मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

उच्चारांतही आपल्याला एक मोठी देणगी आहे आणि तिचा फार कमी जण उपयोग करतात. इटालियन त आणि द दातांना जीभ लावून येतात, अगदी आपल्यासारखे. इंग्रजीच्या सवयीने ‘ट’, ‘ड’ करू नका. पित्सामधला झेड म्हणजे आपल्या ‘चमच्या’तला च, आणि ‘झीरो’ या अर्थाच्या ‘झेरो’मधला म्हणजे ‘जहाजा’तला ज. हे दोन्ही आपल्या तोंडात जन्मापासून बसलेले आहेत, इंग्रजी बोलणारे मात्र त्यांच्यासाठी घाम गाळतात. जोडाक्षर पूर्ण दाबा: कापेल्लो म्हणजे केस आणि काप्पेल्लो म्हणजे टोपी. मका आणि मक्का आपण एकसारखे उच्चारत नाही, तसंच हे.

पियात्सा फोर्तेब्राच्चो या चौकातल्या पालात्सो गाल्लेंगा या वाड्यात, प्राचीन एत्रुस्कन कमानीसमोर, विदेशी विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे. त्याची मुळं 1921 पासूनची. सुरुवातीला स्तर ठरवायची चाचणी होते. येत नाही ते कोरं सोडा. अंदाजाने वरच्या वर्गात गेलात, तर शिक्षक पहिल्या मिनिटापासून फक्त इटालियन बोलतात आणि महिनाभर तुम्ही गप्प बसता.

संस्कृतीसाठी एका आठवड्यात फ्लोरेन्स-रोम धावू नका. वर्ग सुटला की पियात्सा क्वात्त्रो नोवेंब्रेमधल्या फोंताना माज्जोरेला जा. निकोला आणि जोवान्नी पिसानो या बापलेकांचं हे कारंजं 1278 मध्ये पूर्ण झालं. खालच्या कुंडावर बारा महिन्यांची कामं कोरली आहेत: जूनमध्ये कापणी, जुलैमध्ये मळणी, सप्टेंबरमध्ये द्राक्षं तुडवणं. मी दरवेळी नव्या मुलांना तिथे उभं करून महिन्यांची नावं म्हणायला लावते. पुढे शेतीचे शब्द आपोआप येतात. नंतर कोर्सो वान्नुच्ची या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी सगळं गाव चालायला निघतं, त्यात मिसळा. ऐकणं तिथेच होतं.

शाकाहारी असाल तर इथली ‘तोर्ता अल तेस्तो’, म्हणजे तव्यावरची जाड पोळी, पालेभाजी भरून घ्या, पण आत डुकराची चरबी, ‘स्त्रुत्तो’, आहे का ते विचारा. पार्मिज्यानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं, हेही माहीत असू द्या. पाव अळणी लागेल, इथला तसाच असतो. बारमध्ये उभ्याने कॉफी घेतली तर स्वस्त पडते. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती दाखवावी लागते. दुपारी लहान दुकानं बंद होतात, म्हणून भाजी सकाळीच आणा.

वर्ग जड किंवा हलका वाटत असेल, तर पहिल्याच आठवड्यात जाऊन सांगा, आणि तेही इटालियनमध्ये: ‘वोर्रेई काम्ब्यारे क्लास्से’, म्हणजे मला वर्ग बदलायचा आहे.