लिस्प प्रोग्रामचं एक्झिक्युटेबल बनवताना या चुका टाळा

कंपाइल-फाइल चालवली, फॅसल (कंपाइल झालेल्या कोडची) फाइल मिळाली, म्हणजे प्रोग्राम तयार झाला असं नाही. फॅसल लोड करायला लिस्प लागतंच, तेही त्याच आवृत्तीचं. एसबीसीएल (लिस्पचा एक कंपायलर) बदललं की ते जुनी फॅसल नाकारतं. स्वतंत्र फाइल हवी असेल तर सगळा कोड लोड करून सेव्ह-लिस्प-अँड-डाय हे फंक्शन बोलवा, आणि त्याला :एक्झिक्युटेबल टी (टी म्हणजे लिस्पमधलं ‘हो’) द्यायला विसरू नका, नाहीतर हातात नुसती कोअर फाइल (मेमरीची प्रत, जी चालवायला पुन्हा एसबीसीएलच लागतं) पडते. प्रोग्राम कुठून सुरू व्हायचा ते :टॉपलेव्हल ठरवतं.

हे स्लाइममधून (इमॅक्स एडिटरमधलं लिस्पचं साधन) करू गेलात तर अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) चालू असल्याची तक्रार येते आणि फाइल बनत नाही. टर्मिनलमधून, कोऱ्या एसबीसीएलमध्ये बिल्ड स्क्रिप्ट चालवा. तरीही तीच तक्रार आली तर एखादी लायब्ररी लोड होतानाच थ्रेड सुरू करत असणार.

खरा त्रास मात्र बिल्ड बिनबोभाट झाल्यावर सुरू होतो. एक्झिक्युटेबलमध्ये जाते ती त्या क्षणीची अख्खी मेमरी. डेफपॅरामीटरमध्ये (ग्लोबल व्हेरिएबल बनवणारी सूचना) यूझर-होमडिर-पाथनेम लिहिलं असेल, तर ते बिल्डच्या वेळी एकदाच मोजलं जातं, आणि दुसऱ्याच्या मशीनवर प्रोग्राम तुमचं होम फोल्डर शोधत बसतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, उघडी फाइल, डेटाबेसचं कनेक्शन, सगळ्यांची हीच गत. रँडम आकडेही दरवेळी तेच येतात, कारण रँडम-स्टेटसुद्धा गोठलेली असते. डेफपॅरामीटरमध्ये नुसतं निल (रिकामी किंमत) ठेवा आणि खरी किंमत टॉपलेव्हल फंक्शनच्या पहिल्या ओळींत भरा. एवढं केलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

युजरने --हेल्प दिलं आणि तुमच्याऐवजी एसबीसीएलची मदत दिसली? सेव्ह करताना :सेव्ह-रनटाइम-ऑप्शन्स टी द्या. चूक झाल्यावर युजरसमोर डीबगर उघडू नये म्हणून डिसेबल-डीबगर हवंच.

सी लायब्ररी या फाइलच्या आत येत नाहीत. ओपनएसएसएल वापरत असाल तर समोरच्या मशीनवरही ते असायला हवं. लिनक्सवर बिल्ड शक्यतो जुन्या सिस्टिमवर करा. नव्या ग्लिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बनलेली फाइल जुन्यावर सहसा चालत नाही.

रिकामा प्रोग्रामही 30-40 एमबीचा होतो, म्हणून कुणी त्यावर स्ट्रिप (फाइलमधली जादा माहिती काढणारं टूल) चालवतं. तसं कधीच करू नका: तुमची इमेज (सेव्ह झालेली मेमरी) फाइलच्या शेपटाला जोडलेली असते, स्ट्रिप तीच छाटून टाकतं. आकार खुपत असेल तर :कम्प्रेशन आहे, पण मग सुरू व्हायला वेळ लागतो.