जठराच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट: 'लिम्फ' दिसलं की काय समजायचं आणि काय विचारायचं

मामांचा बायोप्सी रिपोर्ट घरच्या ग्रुपवर आला आणि मामीने त्यातला एकच शब्द धरून रडायला सुरुवात केली, लिम्फॉइड. तिला वाटलं पसरला, आता काही खरं नाही. प्रत्यक्षात त्या अख्ख्या कागदावरची ती त्यातल्या त्यात बरी ओळ होती, आणि हे आम्हाला कळायला पंधरा दिवस गेले. ज्यांच्या हातात आत्ता असाच कागद आहे त्यांचे पंधरा दिवस तरी वाचावेत म्हणून लिहितेय.

आधी पेन घ्या आणि लिम्फ जिथे जिथे दिसेल तिथे खूण करा, कारण वेगवेगळ्या गोष्टी याच शब्दाने सुरू होतात. लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन म्हणजे कॅन्सरच्या पेशी लिम्फच्या किंवा रक्ताच्या बारीक नळ्यांमध्ये शिरल्यात, ती काळजीची गोष्ट. लिम्फ नोड मेटास्टॅसिस, म्हणजे कॅन्सर लसिका ग्रंथींपर्यंत पसरलाय, हीसुद्धा काळजीचीच, आणि ऑपरेशननंतरचा रिपोर्ट असेल तर किती नोड तपासलेत तेही बघा, निदान १६ तरी हवेत, कमी असतील तर स्टेज नक्की धरायची का हे डॉक्टरांना विचारा. पण लिम्फोसायटिक इन्फिल्ट्रेट किंवा लिम्फॉइड स्ट्रोमा लिहिलं असेल तर त्या आपल्याच शरीराच्या, लढायला गाठीत घुसलेल्या पेशी आहेत. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी आम्हाला स्लाइड दाखवली, मोठमोठ्या वेड्यावाकड्या कॅन्सरच्या पेशी आणि त्यांच्या मधेमधे काळे तीळ सांडावेत तसे एकसारखे बारीक ठिपके, ते लिम्फोसाइट.

मग तीळ जास्त म्हणजे चांगलं का? बऱ्याचदा हो. विशेषतः कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या सीडी८ टी पेशी गाठीत भरपूर असतील तर पेशंट जास्त काळ जगतात असं जठराच्या कॅन्सरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण सगळ्याच पेशी आपल्या बाजूच्या नसतात, काही मॅक्रोफेज (हाही रोगप्रतिकारक पेशींचाच एक प्रकार) उलट गाठीलाच मदत करतात. आणि गाठीशेजारच्या अस्तरात एच पायलोरी या जठरातल्या जंतूमुळे सूज असेल तर तिथेही लिम्फोसाइट दिसतात, ते यात धरायचे नाहीत. स्टेज मात्र या सगळ्याच्या वर, चांगले तीळ आहेत म्हणून चौथी स्टेज दुसरी होत नाही हे घरच्यांना नीट सांगा. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये या पेशी टक्क्यांत मोजायची ठरलेली पद्धत आहे, जठराच्या रोजच्या रिपोर्टमध्ये तसा आकडा सहसा नसतो, त्यासाठी लॅबशी भांडू नका.

त्याऐवजी तीन टेस्ट मागा, हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरच्या एका प्रोटीनची टेस्ट) तर होतेच, त्याच्यासोबत, आणि केमो सुरू व्हायच्या आधी.

पहिली एमएमआर किंवा एमएसआय, पेशीतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली आहे का ते बघायला. एमएमआरमध्ये चार प्रोटीन बघतात आणि त्यातलं एखादं नसेल तर रिपोर्टमध्ये 'लॉस' लिहून येतं, वाचून पोटात गोळा येतो, पण अशा गाठींमध्ये सहसा रोगप्रतिकारक पेशी खूप असतात आणि इम्युनोथेरपी, म्हणजे या पेशींना लढायला मोकळं करणारी औषधं, त्यांच्यावर चांगली चालते. फक्त लॉस एमएसएच२ किंवा एमएसएच६ चा असेल तर आजार घराण्यात असू शकतो, भावंडांसाठी जेनेटिक सल्ला घ्याच. दुसरी ईबीव्हीसाठीची (एपस्टाइन-बार व्हायरस) ईबर टेस्ट. दाट लिम्फॉइड स्ट्रोमा असलेल्या गाठी बऱ्याचदा याच व्हायरसवाल्या निघतात. २०१४ च्या टीसीजीए या कॅन्सरच्या जीन्सच्या मोठ्या अभ्यासात जठराच्या २९५ गाठींपैकी २२ टक्के एमएसआयवाल्या (दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या) आणि ९ टक्के ईबीव्हीवाल्या होत्या, म्हणजे अगदीच विरळा प्रकार नाही.

तिसरी पीडी-एल१, हे रोगप्रतिकारक पेशींना थोपवणारं प्रोटीन किती पेशींवर आहे ते रंग लावून बघतात, तिचा आकडा म्हणजे सीपीएस. हे टक्के नाहीत आणि जगण्याचे मार्क तर नाहीतच. १०० जिवंत कॅन्सर पेशींमागे समजा ४ कॅन्सर पेशी आणि ६ लिम्फोसाइट-मॅक्रोफेज रंगले तर सीपीएस १०. याचा उपयोग औषध ठरवायला. चेकमेट ६४९ या ट्रायलमध्ये आजार पुढे गेलेले, हर-टू निगेटिव्ह पेशंट होते, त्यात सीपीएस ५ किंवा जास्त असणाऱ्यांना केमोसोबत निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिल्यावर निम्मे पेशंट हयात असण्याचा काळ ११.१ वरून १४.४ महिन्यांवर गेला. काहींना खूप जास्त फायदा होतो, काहींना काहीच नाही, आणि औषध महाग आहे, म्हणून आकडा आधी हातात हवा.

आमची चूक सांगते. एंडोस्कोपीत फक्त दोन तुकडे घेतले होते, हर-टू करता करताच ते संपले आणि मामांना परत नळी घालून घ्यावी लागली. ६ ते ८ तुकडे घ्या असं आधीच सांगा. आणि परळला टाटाला किंवा कुठेही सेकंड ओपिनियनला जाताना नुसत्या स्लाइड नेऊ नका, मेणाचे ब्लॉकही (ज्यात बायोप्सीचा तुकडा बसवलेला असतो) मागून घ्या, सगळ्या नवीन टेस्ट त्यातूनच कापून होतात. लॅबच्या काउंटरवरून हलायच्या आधी ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून बघा आणि उन्हाळ्यात ते गाडीत ठेवून जाऊ नका, मेण आहे.