डोळ्यात गेल्यावर जेल होणारा टिमोलोलचा थेंब: 100 मिलिलिटरची प्रयोगशाळेतली बॅच

साध्या ड्रॉपरचा थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात अश्रू असतात जेमतेम 7 मायक्रोलिटर, आणि पापणीच्या खोबणीत फार तर 30 मावतात. उरलेलं गालावर ओघळतं किंवा अश्रुनलिकेतून नाकात उतरतं. नाकातून टिमोलोल (काचबिंदूत डोळ्यातला दाब कमी करणारं औषध) थेट रक्तात जातं आणि श्वासनलिका आकुंचन पावू शकतात, म्हणूनच दम्याच्या रुग्णाला ते देत नाहीत. डोळ्याच्या आत औषध पोचतं ते 5 टक्क्यांहूनही कमी. औषध डोळ्यावर टिकावं म्हणून गेलन गम (जिवाणूंपासून मिळणारा डिंकासारखा पदार्थ) वापरतात. बाटलीत तो पातळ राहतो आणि अश्रूंतल्या सोडियम-कॅल्शियमशी गाठ पडली की जेल होतो. टिमॉप्टिक-एक्सई हे याच तत्त्वावरचं औषध दिवसातून एकदाच घालावं लागतं.

खालची कृती बी.फार्म., एम.फार्म.च्या प्रयोगशाळेसाठी आहे. यातला थेंब कुणाच्याही डोळ्यात घालायचा नाही.

साहित्य: डीअसायलेटेड गेलन गम 0.6 ग्रॅम, मॅनिटॉल सुमारे 4.4 ग्रॅम, टिमोलोल मॅलिएट 0.68 ग्रॅम (म्हणजे टिमोलोल 0.5 टक्के, लेबलवरचा आकडा बेसचा, म्हणजे मूळ औषधाचा असतो, मॅलिएट या त्याच्या क्षाराचा नव्हे), ट्रोमेथामाइन साधारण 0.2 ग्रॅम, शुद्ध केलेलं पाणी.

बीकरमध्ये 75 मिलिलिटर थंड पाणी घ्या, मॅग्नेटिक स्टिररवर चांगला भोवरा पडू द्या आणि गेलन चिमटीने भुरभुरत सोडा. एकदम ओतलं तर वरून चिकट, आतून कोरड्या गाठी होतात आणि त्या नंतर कितीही ढवळलं तरी फुटत नाहीत. पावडर नीट पसरल्यावर 90 अंश सेल्सियसपर्यंत तापवा आणि द्रावण पूर्ण पारदर्शक होईपर्यंत तिथेच ठेवा. बीकर आधी वजन करून ठेवला असेल तर उडालेलं पाणी भरून काढणं सोपं जातं. गरम असतानाच मॅनिटॉल विरघळवा, मग 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा).

इथे सगळ्यात जास्त चुकतं ते क्षारांच्या बाबतीत. समपरासारी (अश्रूंइतक्याच परासरण दाबाचं) करायचं म्हणून हात सवयीने मीठाकडे जातो, पीएचसाठी फॉस्फेट बफरकडे. दोन्हींत सोडियम आहे. त्यामुळे जेल बाटलीतच लागतं आणि ड्रॉपरमधून बाहेर येत नाही. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं, शिवाय गेलनला नीट फुगू देत नाही. म्हणून मीठाऐवजी मॅनिटॉल आणि फॉस्फेट बफरऐवजी ट्रोमेथामाइन हा सोडियम नसलेला अल्कधर्मी पदार्थ.

टिमोलोल 15 मिलिलिटर पाण्यात विरघळवा. द्रावण आम्लधर्मी असतं, त्यात ट्रोमेथामाइन थोडं थोडं घालत पीएच 7 च्या आसपास आणा. लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतात) 0.22 मायक्रॉनच्या, जंतू अडवणाऱ्या फिल्टरमधून ते गार झालेल्या गेलनमध्ये सोडा. उलटं करू नका: गेलन त्या फिल्टरमधून जाता जात नाही. निर्जंतुक पाण्याने 100 मिलिलिटर करा. ढवळणं संथ ठेवा. अडकलेले बुडबुडे लवकर निघत नाहीत. शेवटी ऑस्मोमीटरवर (परासरण दाब मोजणाऱ्या यंत्रावर) 270 ते 320 मिलिऑस्मोलच्या आत बसतंय का पाहा आणि पुढच्या बॅचला मॅनिटॉल त्यानुसार कमीजास्त करा.

आता चाचणी. कृत्रिम अश्रू: सोडियम क्लोराइड 0.67 ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट 0.2 ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट 0.008 ग्रॅम, पाणी घालून 100 ग्रॅम. 34 अंशांवर 2.5 मिलिलिटर द्रावणात यातलं 0.7 मिलिलिटर मिसळा (25 मायक्रोलिटरच्या थेंबाला 7 मायक्रोलिटर अश्रू, हेच ते प्रमाण) आणि कुपी तिरकी करा. दुसऱ्या कुपीत अश्रूंऐवजी तेवढंच साधं पाणी घाला. पहिली लगेच घट्ट झाली आणि दुसरी वाहती राहिली तर बॅच जमली. दोन्ही घट्ट असतील तर कुठून तरी क्षार शिरलाय. दोन्ही पातळ असतील तर बहुधा गेलन पुरतं विरघळलेलं नाही.

औषध किती वेगाने सुटतं हे पाहायला डायलिसिस पिशवीत 1 मिलिलिटर जेल, बाहेर 50 मिलिलिटर कृत्रिम अश्रू, 34 अंश, 50 आरपीएम. ठरावीक वेळाने नमुना काढून तेवढंच ताजं द्रव घाला आणि 295 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचं शोषण मोजा. सोबत नुसत्या टिमोलोलच्या द्रावणाची पिशवी लावायलाच हवी. पिशवीचा पडदा स्वतःच औषध अडवतो, आणि अनेक प्रकल्पांत त्याचं श्रेय जेलला जातं. टिमोलोलचा रेणू छोटा आणि पाण्यात सहज विरघळणारा. जेलची जाळी त्याला फार काळ रोखत नाही. इथे फायदा मुख्यतः थेंब डोळ्यावर टिकून राहण्याचा आहे. आठवडेच्या आठवडे औषध हवं असेल तर ते कमी विरघळणारं लागतं आणि कणांच्या रूपात जेलमध्ये अडकवावं लागतं. डेक्सटेन्झा या अश्रुनलिकेत बसवायच्या हायड्रोजेलमध्ये 0.4 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन असंच ठेवलेलं असतं आणि ते 30 दिवसांपर्यंत पुरतं.

तयार औषध वापरणाऱ्या रुग्णाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. बंद बाटली उलटी करून एकदा हलवावी, आणि दुसरे थेंब असतील तर ते किमान 10 मिनिटं आधी घालावेत. घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं, तेव्हा लगेच गाडी चालवू नये.