जुना स्टिरिओ रिसीव्हर घरच्या घरी पूर्ववत करताना

सत्तरच्या दशकातले मरांट्झ, पायोनियर, सान्सुई यांचे स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात असलेले सेट) ठाण्यातल्या घरांच्या माळ्यांवर आजही कापडात गुंडाळून ठेवलेले सापडतात. एखादा आखाती देशातून येताना कुणी आणलेला असतो, एखादा चोरबाजारातून घेतलेला असतो. बंद पडलेला असा सेट सहसा निकामी झालेला नसतो. त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर बहुधा शाबूत असतात आणि खरा दोष असतो तो धूळ, काळे पडलेले खटके आणि वाळलेले कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) यांचा. म्हणून या कामात क्रम पाळणे फार महत्त्वाचे आहे: आधी नीट पाहावे, मग स्वच्छ करावे, मग मोजावे आणि मोजमापात जो भाग सदोष ठरेल तेवढाच बदलावा. सगळे कंडेन्सर एका बैठकीत उपटून नवे बसवणाऱ्या उत्साहामुळे चांगले सेट कायमचे बिघडलेले आहेत, कारण नंतर उद्भवलेला दोष मूळचा की नवा, हेच कळेनासे होते.

प्लग लावण्याआधी मागची पाटी वाचावी. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनवलेला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेसाठीचा १२० व्होल्टचा. आपला पुरवठा २३० व्होल्टचा आहे आणि तो अनेकदा त्याहूनही वर जातो. निर्यातीच्या अनेक सेटना मागे व्होल्टेज निवडण्याची सोय असते. तिथे २२० आणि २४० असे दोन्ही पर्याय असतील तर २४० निवडणे सुरक्षित. ही सोय नसल्यास व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि तो पाटीवरच्या आकड्याहून बराच मोठा असावा. ३०० वॅटच्या सेटला ५०० व्हीएचा (व्होल्ट-ॲम्पिअर, ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचे माप) योग्य ठरतो. त्याच वेळी डायलवरची एफएमची पट्टीही पाहावी. जपानमधल्या जुन्या सेटवर ती ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढीच असते, त्यामुळे १०२.८ वरची विविध भारती किंवा १०७.१ वरचे एफएम रेनबो त्यावर लागणार नाही. सेट विकत घेत असाल तर ही गोष्ट पैसे देण्यापूर्वीच तपासावी.

झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढलेला असावा, आणि उघडल्यावर मोठ्या फिल्टर कंडेन्सरमधला साठा उतरवावा. त्यासाठी ४७० ओहम, ५ वॅटचा रजिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने कंडेन्सरच्या दोन टोकांना अर्धा मिनिट जोडून ठेवावा आणि व्होल्टेज १ व्होल्टच्या खाली आल्याची मल्टीमीटरने खात्री करावी. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची पद्धत कंडेन्सरलाही घातक आहे आणि हातालाही.

आता चांगल्या उजेडात पाहणी करावी. फ्यूजच्या जागी कुणी तार गुंडाळली असल्यास ती काढून छापील आकड्याचाच फ्यूज बसवावा. त्याहून अधिक लक्ष द्यावे ते गोंदाकडे. मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्या बुडाशी पिवळसर गोंद लावलेला असे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो तपकिरी आणि ठिसूळ होतो, हवेतला ओलावा धरतो, शेजारच्या रजिस्टन्सच्या पायांवर हिरवट गंज चढवतो आणि काही वेळा स्वतःच वीज वाहू लागतो. सान्सुईच्या काही सेटमध्ये हा प्रकार ठळकपणे दिसतो. बांबूच्या टोकदार काडीने हा गोंद थोडा थोडा खरवडून काढावा आणि खालचा पाय खाल्लेला दिसला तर तो भाग बदलावा. खाडीकाठच्या दमट हवेत राहिलेल्या सेटमध्ये ही तपासणी मुळीच टाळू नये.

धूळ मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढावी. आवाजाचा नॉब फिरवताना खरखर होत असेल किंवा एक बाजू गप्प असेल, तर आधी नॉबमागच्या फिरत्या कंट्रोलवर आणि टेप मॉनिटरच्या (टेपरेकॉर्डरचा आवाज ऐकण्याच्या) खटक्यावर संशय घ्यावा. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर कंट्रोलच्या मागच्या फटीतून थोडासा मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवावा. प्रत्येक खटकाही तसाच चालवावा. बिजागऱ्यांना घालायचे तेल इथे चालत नाही, कारण त्याचा थर धूळ धरतो. ट्यूनरच्या गँग कंडेन्सरच्या (स्टेशन लावताना फिरणाऱ्या भागाच्या) पात्यांवर फवारा मारू नये, तिथे फक्त हवा फुंकावी. फवारलेला द्रव पूर्ण सुकू द्यावा. पावसाळ्यात त्यासाठी एक दिवस थांबलेले बरे.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सेटच्या फेजमध्ये सिरीजला जोडावा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. स्पीकर जोडलेले नसावेत. खटका दाबताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर सेटमध्ये शॉर्ट नाही असे समजावे. तो प्रखरच राहिला तर लगेच बंद करून रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तपासावेत. प्रोटेक्शन रिले (स्पीकरच्या रक्षणासाठीचा आपोआप चालणारा खटका) असलेल्या सेटमध्ये काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो, पण बल्बमुळे व्होल्टेज कमी पडून तो आला नाही, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

बल्ब काढून सेट थेट लावल्यावर, आवाज शून्यावर ठेवून, दहा मिनिटांनी प्रत्येक स्पीकर टर्मिनलवर डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज) मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १००च्या वर असेल तर स्पीकर जोडू नयेत. त्यानंतर बायस, म्हणजे गाणे नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट: त्या ट्रान्झिस्टरच्या एमिटर रजिस्टन्सवरचे मिलिव्होल्ट मोजून ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडावेत. ०.३३ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ३० मिलिॲम्पिअर. प्रीसेट (बायस कमीजास्त करणारा छोटा कंट्रोल) फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेवर खूण करावी. जुन्या प्रीसेटचा संपर्क क्षणभर जरी सुटला, तरी काही सर्किटमध्ये करंट एकदम वाढून ट्रान्झिस्टर जळतात. म्हणून तो खराब वाटल्यास सेट बंद करून नवा बसवावा.

फुगलेले, गळलेले किंवा मोजणीत कमी भरलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तेवढे बदलावेत. क्षमता तीच, व्होल्ट तितकेच किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचे. काढण्याआधी फोटो घ्यावा, धन-ऋण टोके नवीन भागावर पुन्हा पाहावीत आणि दोन-तीन बदलले की सेट सिरीज बल्बवर लावून तपासावा. सिरॅमिक आणि फिल्म कंडेन्सरना विनाकारण हात लावू नये. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे. नामांकित छाप असलेला मोठा कंडेन्सर संशयास्पद स्वस्त मिळत असेल तर घेऊ नये, कारण बनावट माल पुष्कळ आहे.

रिलेचे काळे झालेले संपर्कबिंदू अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या जाड कागदाची पट्टी मधून ओढून साफ करावेत, पॉलिश पेपर वापरू नये. डायलचे दिवे बदलताना व्होल्ट आणि ॲम्पिअर दोन्ही जुळवावेत.

आता आधी स्वस्त स्पीकर लावून दोन-तीन तास गाणी वाजवावीत, हीट सिंकवर हात ठेवता येतो का ते पाहावे आणि डीसी पुन्हा मोजावा. आकडे स्थिर असतील तरच चांगले स्पीकर जोडावेत. एफएमसाठी मागच्या ३०० ओहम टर्मिनलला सुमारे दीड मीटर लांबीचा ‘टी’ आकाराचा रिबन अँटेना जोडून तो खिडकीजवळ आडवा ताणावा. उंच इमारतींनी वेढलेल्या घरात एका खिडकीत खरखर येत असेल तर दुसरी खिडकी करून पाहावी आणि सेटवरचा सिग्नल मीटर जिथे सर्वांत वर जाईल तिथे अँटेना पक्का करावा.