घरचं कॉकपिट बांधताना या चुका टाळा

घरी फ्लाइट सिम्युलेटरचं कॉकपिट बांधणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. विमान एका बाजूला ओढतं, थ्रॉटल (इंजिनचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मधेच उडी मारतो, एक स्विच टाकला की भलताच दिवा लागतो. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे सिम्युलेटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन डेड झोन, म्हणजे मध्याजवळची ज्यातली हालचाल मोजलीच जात नाही ती जागा, वाढवणे. त्यानं दोष जात नाही, झाकला जातो. तो बहुतेक वेळा लाकडात, स्क्रूत किंवा वायरीत असतो आणि तिथेच दुरुस्त करावा लागतो.

आधी खुर्ची, मग पॅनेल

पॅनेल दिसायला छान, म्हणून सगळे त्याच्यापासून सुरुवात करतात. मग कळतं की योक (विमान वळवायचं आणि वर-खाली न्यायचं हँडल) पूर्ण मागे ओढून वळवला की तो गुडघ्याला लागतो. कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करा आणि त्यात तासभर बसून बघा. पाठ खुर्चीला टेकलेली ठेवून दोन्ही रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी) शेवटपर्यंत दाबता आली पाहिजेत. चाकांची खुर्ची वापरणार असाल तर खुर्ची आणि पेडल एकाच फळीवर पक्की करा. नाहीतर ब्रेक दाबला की विमानाऐवजी तुम्हीच मागे सरकता.

स्क्रीनचं अंतरही इथेच ठरतं. 32 इंची रुंद स्क्रीन साधारण 71 सेंटीमीटर रुंद असते. ती डोळ्यांपासून 70 सेंटीमीटरवर ठेवली तर तुमच्या नजरेचा जेमतेम 54 अंशांचा भाग व्यापते. सिम्युलेटरमध्ये दृश्य 90 अंशांवर ठेवलं की धावपट्टी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते, आणि उतरताना उंचीचा अंदाज चुकतो. एकाच स्क्रीनवर काम भागवायचं तर थोडी तडजोड करावीच लागते, पण उतरण्यासाठी वेगळं, अरुंद दृश्य जतन करून ठेवा.

साहित्याबद्दल उगाच संकोच नको. अमेरिकन संशोधक एडविन लिंकनं 1929 साली आपला सिम्युलेटर वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात, ऑर्गनचे भाते वापरून बनवला होता. त्यामुळे पीव्हीसी पाइप आणि ड्रॉवर चॅनलही चालतात. फक्त ड्रॉवर चॅनल एकच लावलं तर योकचा दांडा आडवा हलतो. दोन समांतर लावा.

योकचा ढिलेपणा

संगणक बंद ठेवून योक मधोमध धरा आणि अगदी थोडा डावी-उजवीकडे हलवा. दुसऱ्या हाताचं बोट पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे योक किती फिरला ते मोजणाऱ्या पॉटच्या, दांड्यावर ठेवा. हाताला योक हललेला कळतो पण बोटाखाली दांडा हलत नसेल, तर तेवढा ढिलेपणा तुमच्या यंत्रणेत आहे. पहिला संशयित म्हणजे योक आणि पॉट जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू. तो दांड्याच्या गोल भागावर न आवळता सपाट बाजूवर आवळा.

इथली मोठी चूक म्हणजे पॉटलाच बेअरिंग समजणं. त्याचं काम कोन मोजायचं आहे, वजन पेलायचं नाही. योकचं वजन बेअरिंगवर येऊ द्या आणि दोन्ही टोकांचे अडथळे लाकडाच्या किंवा लोखंडाच्या सांगाड्यातच बसवा. उत्साहाच्या भरात जोरात वळवलं की पॉटच्या आतला नाजूक अडथळा तुटतो.

स्प्रिंगच्या बाबतीत लोक ताकद बघतात, ताण बघत नाहीत. समोरासमोरच्या दोन स्प्रिंग सुरुवातीलाच पुरेशा ताणलेल्या हव्यात. योक पूर्ण डावीकडे नेल्यावरही एकही स्प्रिंग सैल लोंबता कामा नये. मध्यावरच त्या सैल असतील तर तिथे जोरच लागत नाही, योक प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या जागी थांबतो आणि विमान हळूहळू कलत जातं. डेड झोन वाढवायचा मोह होतो तो नेमका इथे. वाढवला की धावपट्टीच्या रेषेत येताना लागणाऱ्या बारीक दुरुस्त्या त्यातच गडप होतात.

पॉट साधारण 270 अंश फिरतो. योक एकूण 90 अंशच फिरत असेल आणि पॉट थेट जोडला असेल, तर त्याचा एक तृतीयांश भागच वापरात येतो. पॉटचं वाचन संगणकाला देणाऱ्या 10 बिटच्या बोर्डावर 1024 पायऱ्यांपैकी जेमतेम 340 हाती लागतात. दातेरी पट्टा लावून पॉटला योकच्या तिप्पट फिरवता येतं. गिअर लावले तर त्यांच्या दातांमधली फट पुन्हा ढिलेपणा आणते. एएस5600सारखा चुंबकीय सेन्सर एका फेरीत 4096 पायऱ्या देतो, म्हणजे 90 अंशांत 1024, आणि त्यात घासणारं काही नसतं. माझं मत विचाराल तर योकला चुंबकीय सेन्सर लावावा. थ्रॉटलला पॉट पुरतो.

पॉट घेताना लिनिअरच, म्हणजे जितका फिरवाल तितकाच बदलणारा, घ्या. आवाज कमी-जास्त करायचा लॉग पॉट लावला तर अर्ध्या प्रवासात काही घडत नाही आणि मग इंजिन एकदम गर्जतं. ओळखायचं सोपं आहे: दांडा मध्यावर ठेवून मल्टिमीटरनं मधल्या पायापासून दोन्ही टोकांचा रोध मोजा. दोन्ही जवळपास सारखे आले पाहिजेत.

वायरिंगमधली भुतं

बोर्डाची निवड आधी तपासा. आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतात. ऊनो तसा दिसत नाही. त्यासाठी मोबीफ्लाइटसारखं मधलं सॉफ्टवेअर लागतं.

एक अक्ष (योक, पेडल किंवा थ्रॉटलची एकेक हालचाल) हलवला की दुसराही हलतो, ही तक्रार आली की आधी ग्राउंडची वायर बघा. ती सुटलेली असते, नाहीतर प्रोग्रॅममध्ये चालू ठेवलेल्या अॅनालॉग (पॉट वाचणाऱ्या) पिनला काहीच जोडलेलं नसतं. अशी मोकळी पिन शेजारच्या पिनचंच वाचन उचलते. वाचन एक-दोन अंकांनी थरथरणं नेहमीचं आहे. वीस-तीस अंकांची उडी दिसली तर लांब वायर काढून तिथे वीतभर वायर लावून बघा. थरथर थांबली तर दोष वायरीत आहे. शील्डेड (धातूचं आवरण असलेली) वायर घ्या आणि बोर्डाजवळ सिग्नल आणि ग्राउंडमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. सर्व्हो मोटरनं चालणारे डायल असतील तर त्यांना वेगळा वीजपुरवठा द्या, पण ग्राउंड सामाईक ठेवा.

पिन वाचवायला स्विच मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत, जोडतात. 10 पिनांत 25 स्विच बसतात. कीबोर्डची बटणं दाबून सोडली जातात, कॉकपिटमधले टॉगल स्विच मात्र तासन् तास चालूच असतात. आयताच्या तीन कोपऱ्यांवरचे स्विच चालू असले की चौथा न टाकताही चालू दिसतो. प्रत्येक स्विचला 1एन4148 डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा) लावा, सगळे एकाच दिशेनं. पंचवीस डायोड सोल्डर करायचा कंटाळा येतो, पण पॅनेल बंद झाल्यावर हे भूत शोधायला त्याहून जास्त वेळ जातो.

संगणकात गेल्यावर

इथे मात्र सेटिंग्जच दोषी असू शकतात. नवा बोर्ड जोडला की सिम्युलेटर बऱ्याचदा आपण होऊन त्याला काही कामं नेमून देतो. मग एकच थ्रॉटल दोन उपकरणं ओढत राहतात आणि तो उड्या मारतो. प्रत्येक उपकरणाची यादी उघडून नको त्या नेमणुका काढा. विंडोजमध्ये कॅलिब्रेशन (मध्य आणि टोकं ठरवून देणं) केलं असेल आणि नंतर सेन्सर बदलला असेल, तर जुनं कॅलिब्रेशन तसंच राहतं. ते रिसेट करा. आणि विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत 32च बटणं दिसतात, तेव्हा 33वं दिसलं नाही म्हणून सोल्डर उकलू नका.

लँडिंग लाइटचा स्विच वर आहे आणि दिवा बंद, असं उलटं होतं कारण स्विचला 'टॉगल'ची आज्ञा दिलेली असते. वर केल्यावर 'ऑन' आणि खाली केल्यावर 'ऑफ' अशा दोन वेगळ्या आज्ञा द्या. सेसना 172 या छोट्या विमानाच्या मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेच्या) स्विचची गंमत निराळीच. ऑफ, राइट, लेफ्ट, बोथ आणि स्टार्ट या पाच जागांच्या मधून जाताना क्षणभर कुठलाच संपर्क नसतो. प्रोग्रॅमनं त्याला लगेच 'ऑफ' समजलं तर चालू इंजिन बंद पडतं. बदल स्वीकारण्याआधी थोडा विलंब ठेवा.

सगळं नीट चालतं आणि लांबच्या उड्डाणात मधेच पेडल मरतात, असं झालं तर पॅनेल उघडण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबचं पॉवर मॅनेजमेंट बघा. वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी तिथे दिलेली असते. ती खूण काढा. तरीही पेडल मरत राहिले तर स्वतंत्र अॅडॅप्टर असलेला हब लावा, विशेषतः पॅनेलवर दिवे बरेच असतील तर.