व्हॅनचा पिवळा दिवा : सेन्सर विकत घेण्याआधी

इंजिनचा पिवळा दिवा लागला की गॅरेजात ठरलेलं उत्तर मिळतं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाकू." मी पिंपरीत शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. गाडी जुनी, पेट्रोल-सीएनजी, इंजिन पुढच्या सीटखाली. हा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. माझा अनुभव असा की बऱ्याचदा सेन्सर धडधाकट असतो, बिघाड भलतीकडेच असतो आणि सेन्सर फक्त त्याची तक्रार करत असतो.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र घरापर्यंतही येऊ नका, गाडी बाजूला घ्या. मिसिंगमुळे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्यामुळे) न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो तापून बाद झाला की खर्च हजारांत. दिवा स्थिर असेल, टेम्परेचर आणि ऑइलचं ठीक असेल, तर रविवारी निवांत बघू शकता.

त्यासाठी लागतो तो ईएलएम ३२७ जातीचा स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा. ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथचा घेऊ नये, वायफायचा किंवा बीएलईचा (कमी वीज खाणाऱ्या नव्या ब्लूटूथचा) बघावा. आपल्याकडे बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवण्याची पद्धत) सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरच्या अशा गाडीत डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट सापडेलच. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी स्कॅनर जुळेलच असं नाही. स्कॅनर सॉकेटमध्ये लावा, चावी ऑन करा, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप उघडा. जोडताना फोन पिन नंबर विचारतो, तो बहुधा १२३४. काम झालं की स्कॅनर काढायला विसरू नका, नाहीतर रात्रभर बॅटरी खात बसतो.

कोड दिसला की लगेच पुसू नका. आधी 'फ्रीझ फ्रेम'चा स्क्रीनशॉट घ्या. कोड आला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, आरपीएम किती होते, हे त्यात असतं. बॅटरीची निगेटिव्ह काढून दिवा घालवणारेही आहेत. दिवा जातो, पण पुरावाही जातो.

पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरच्या सिलिंडरला मिसिंग. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर दोन नंबरची तीनला लावा. कोड ०३०२ चा ०३०३ झाला तर कॉइल गेली. तसाच राहिला तर प्लग काढून बघा. गॅसवर प्लग लवकर झिजतात.

डोकं खातो तो पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि इंधन कमी. इथेच सेन्सर उगाच बदलले जातात. ॲपमध्ये शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम लावा. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन जास्त सोडतोय, ते त्यात कळतं. दोन्हींची बेरीज १० च्या आत असावी. इंजिन गरम झाल्यावर स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) आकडा बघा, मग रेस २५०० आरपीएमवर धरून बघा. दोन्ही आकडे आधी पेट्रोलवर बघा, मग गॅसवर. आकडा फक्त गॅसवरच चढत असेल तर गॅसचा फिल्टर, रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) किंवा किटचं ट्युनिंग. त्याला घरी हात लावायचा नाही, अधिकृत सीएनजी फिटरकडेच जायचं.

माझ्या गाडीत दोन्ही इंधनांवर स्लोवर २२, रेसवर ६. रेस दिल्यावर आकडा उतरतो म्हणजे कुठूनतरी हवा घुसतेय. एमएएफवाल्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत इनटेकचा, म्हणजे हवा आत नेणारा, होज आधी तपासा. माझी एमएपीवाली (इनटेकमधला दाब मोजणारी), तिथे इनटेकची फट सहसा स्लो वाढवते, ट्रिम फारसा हलवत नाही. मग राहिला एक्झॉस्ट. सकाळी थंड इंजिन चालू केलं, सीट उचलली, तर टिक-टिक-टिक, आणि गरम होत गेलं तसा आवाज विरत गेला. बंद करून, गार झाल्यावर टॉर्च मारला तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या) गॅस्केटपाशी काजळीचा काळा फराटा. सेन्सरच्या आधीच, इंजिनच्या बाजूला गळती होती, तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि सेन्सर 'पातळ' म्हणायचा. गॅस्केट बदललं, सेन्सर तोच ठेवला. (गळती शोधायला उदबत्तीचा धूर धरतात, गॅसच्या गाडीत ते धाडस करू नका.)

रेसवर आकडा उलट चढत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि दोन-तीन दिवस नेहमीच्या फेऱ्या मारा, इंजिन रोज थंड होऊ द्या. मग 'पेंडिंग' (अजून पक्के न झालेले) कोड वाचा. बिघाड तसाच असेल तर दिवा लागण्याआधीच कोड बहुधा तिथे येऊन बसलेला दिसतो. तिथे काही नसेल तर पीयूसीला गाडी न्यायला हरकत नाही.